आप्पांच्या नडगीतला राब

कापूरहोळच्या फाट्यावर, दादाच्या गॅरेजसमोर गाडी उभी होती आणि आप्पा तिच्याभोवती फेऱ्या मारत होते. आधी टायर दाबून बघितले. मग ड्रायव्हरकडं लायसन मागितलं. तो बिचारा चहा पीत होता. त्यानं हसत हसत काढून दिलं, तर आप्पांनी त्यावरचा फोटो आणि त्याचं तोंड तीनदा ताडून पाहिलं. गाडीचा नंबर पेनानं तळहातावर लिहून घेतला. मी जर्मनीला निघाले होते आणि आमच्या आप्पांना पक्का संशय होता की ही गाडी काही विमानतळापर्यंत पोचत नाही.

"परत कधी?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षांनी, आप्पा."

"लिहून दे."

सगळे हसले. दादा हसला, आई पदराआड हसली, ड्रायव्हर तर चहा सांडेपर्यंत हसला. मीही हसले, पाया पडले, गाडीत बसले आणि काच वर केली. आप्पा हसले नव्हते, हे टोलनाका ओलांडल्यावर माझ्या लक्षात आलं. दोन वर्षांची पुढं सात झाली.

हे लिहितेय ते दोघांसाठी. एक, जे मागं राहिले ते, सारोळ्याला, वेल्ह्यात, भोरात, ज्यांना वाटतं की संगी तिकडं जाऊन मोठी शास्त्रज्ञ झाली. आणि दुसरे, जे माझ्यासारखे गेले आणि ज्यांना वाटतं की घरचे काही विचारत नाहीत म्हणजे त्यांना सगळं पटलंय. दोघांनीही माझ्यावर फार विश्वास टाकू नका. मी अशा माणसाची पोरगी आहे, जो किराणा दुकानातून आणलेल्या साखरेचा आधी वास घेतो. मी कशी निघणार?

आप्पा जन्मापासून असे नव्हते. आई सांगते, लग्न झालं तेव्हा हा माणूस भोळा सांब होता. आमची वाडी गुंजवण्याच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या पायथ्याशी. भाताची खाचरं, एक बैलजोडी, भावकीची पाच-सहा घरं. मग धरण आलं. मी तेव्हा शाळेत होते. एक साहेब जीपमधून यायचे, आमच्याच ओट्यावर बसून चहा प्यायचे, आप्पांना 'पाटील' म्हणायचे. आम्ही कुठले पाटील! पण आप्पा फुलायचे. साहेबांनी एक कागद आणला. त्यात लिहिलं होतं, की जमीन शक्यतो भातालायक देऊ, शक्यतो भावकी एकत्र ठेवू. आप्पा चौथी शिकलेले. त्यांनी कागद एकदा वाचला, आणि दुसऱ्यांदा वाचायला लागले तर साहेब म्हणाले, "काही होत नाही हो. करा सही. मी आहे ना."

साहेबांची बदली झाली. आम्हाला जमीन मिळाली ती सारोळ्याजवळ, नीरेच्या काठाला, काळीभोर, उसाची. भावकी चार गावांत पांगली. जमीन वाईट होती असं मी म्हणत नाही, लोक म्हणायचे तुमचं तर नशीब फळफळलं. पण तिथं भात पिकत नव्हता आणि हाक मारली तर ओ देणारं कुणी नव्हतं. तो कागद आप्पांनी पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि कानाला खडा लावला. त्यानंतर त्यांनी कशावरही सही केली नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यावर सुद्धा आईचा अंगठा आहे.

तर आमचं पहिलं स्थलांतर हे, वेल्ह्याहून सारोळ्याला. लोक माझं जर्मनीचंच मोजतात.

त्या काळ्या रानात आप्पांनी एक गोष्ट केली, जी बघून सारोळ्याची माणसं अजून हसतात. बांधाकडेला अर्ध्या गुंठ्याचा तुकडा राखला आणि तिथं राब भाजला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या डोंगराकडं भाताचं रोप टाकायच्या आधी ती जागा भाजून घेतात. खाली शेण, वर झाडाच्या तोडलेल्या डहाळ्या, म्हणजे कवळ, त्यावर पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यावर मातीचा थर. मग वाऱ्याच्या उलट अंगानं काडी लावायची, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत धुमसत पुढं सरकते. त्या राखेत बी टाकलं आणि पाऊस पडला की रोप असं तरारून येतं की विचारू नका. पण हे डोंगरातल्या हलक्या जमिनीचं. नीरेकाठच्या काळ्या मातीत राब भाजणं म्हणजे नळाखाली बसून पावसाची वाट बघणं. शेजारचे म्हणायचे, "अवो, युरिया टाका की दोन मुठी!" आप्पा म्हणायचे, "युरियात काय असतं ते तुला म्हाईत हाय का? राबात काय हाय ते मला म्हाईत हाय."

त्याच बांधाला आमचा पवळ्या पुरलाय. जोडीतला दुसरा बैल वाडी सोडतानाच गेला होता. पवळ्या सारोळ्याला आला, वर्षभर कसाबसा जगला आणि एका सकाळी उठला नाही. दोन माणसं टेम्पो घेऊन आली होती, म्हणाली, म्हातारा बैल आहे, आम्ही उचलून नेतो, तुम्हाला खड्डा खणायचा ताप नको. आप्पांनी त्यांच्यावर खोरं उगारलं. मग एकट्यानं खड्डा खणला, तळाला मीठ टाकलं, आपलं धोतर पवळ्याच्या तोंडावर पांघरलं. मी आप्पांना रडताना तेवढंच एकदा पाहिलं.

आता माझी गोष्ट. भोरच्या कॉलेजात बीएस्सी, पुण्यात एमएस्सी, मग ही जर्मनीची लॅब. काम ऐकायला भारी आहे. हाडात मोठी पोकळी पडली तर ती आपसूक भरत नाही, मधे काहीतरी धरायला लागतं. त्यासाठी भट्टीत भाजून केलेलं, आतून जाळीदार असं एक सिरॅमिक बनवतात. ते पोकळीत बसवायचं, शरीर त्याच्या भोकांतून आपलं नवं हाड वाढवतं आणि भाजलेला तुकडा हळूहळू विरत जातो. नवं डोकं लढवण्यापेक्षा निसर्गानं आधीच केलेली जाळी उचलायची, अशी या कामाची रीत. कुणी समुद्रातलं पोवळं घेतं, कुणी माशाचं कवच. आमच्या लॅबमधे वेत होता. वेताच्या कांडीत ज्या नळ्यांतून रस चढतो, त्या नळ्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या मापाच्या असतात. वेत बंद भट्टीत कोळसा होईपर्यंत भाजायचा, मग एकामागून एक प्रक्रिया करून त्या कोळशाचं हाडाच्या खनिजात रूपांतर करायचं. नळ्या जिथल्या तिथं राहतात.

मी घरी फोनवर हेच सांगितलं. "आप्पा, आम्ही वेतापासून हाड करतो."

 आप्पा म्हणाले, "नुसता वेतच?"

"व्हय. नुसता वेत."

इथं मी खोटं बोलले, हे आधी कबूल करून टाकते. वेत शेजारच्या टेबलावर होता. माझ्या टेबलावर पहिलं दीड वर्ष गुरांची हाडं होती. कत्तलखान्यातून डब्यात यायची, मांडीची, गुडघ्याची. ती करवतीनं कापायची, तासन् तास उकळायची, चरबी काढायची, मग भट्टीत घालायची. आतलं सगळं जळून गेलं की पांढरंशुभ्र, खडूसारखं हलकं असं काहीतरी उरतं. तेही हाडाच्या पोकळीत भरतात, आणि चांगलं काम करतं. पण उकळताना जो वास सुटायचा तो माझ्या केसांत, स्वेटरमधे, उशीत बसला होता. मी भाकरी थापली तरी मला तो वास यायचा.

हे मी आप्पांना कशाला सांगू? पवळ्याला मीठ घालून पुरणाऱ्या माणसाला? मी म्हटलं, अळीमिळी गुपचिळी. तरी दर फोनला, हवापाण्याचं झालं की आप्पा हळूच विचारायचे, "आन् काम? वेतच ना?" चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं यांना कुणीतरी सांगितलंय. कोण सांगणार होतं?

वेताच्या टेबलावर मी गेले ती सुद्धा आप्पांच्या जिवावर. तिकडच्या मुलांच्या कांड्या भट्टीत तडकत होत्या. दर आठवड्याला मीटिंग, आलेख, चर्चा. मी सहज म्हणाले, तुम्ही घाई करताय. आप्पा म्हणायचे, "घाई केली की राब जळतो, भाजत न्हाई." तापमान फार हळू चढवून बघितलं आणि कांडी अख्खी निघाली. आमच्या बाई, म्हणजे माझ्या बॉस, खुश झाल्या, विचारलं हे कुठं शिकलीस. मी म्हणाले, साहित्य वाचून. बघा, तिथंही खोटं. दोन्हीकडं मी अर्धं अर्धं सांगत होते आणि दोन्हीकडं माझं बरं चाललं होतं.

दोन वर्षांमागं आप्पा पडले. कसे, तर राबासाठी कवळ तोडायला झाडावर चढले होते. सारोळ्याला झाडं मुळात कमी, आणि सत्तरीचा माणूस कुणाच्या बांधावरच्या बाभळीवर चढतो! नडगी मोडली, गुडघ्याखालचं ते पुढचं हाड, आणि कातडी फाडून बाहेर आली. पुण्याला नेलं. जखम चिघळली, डॉक्टरांनी मेलेलं हाड काढून टाकलं, बाहेरून लोखंडी सळ्यांचा सांगाडा बसवला. जखम भरली, पण मधे दोन बोटं पोकळी राहिली. महिन्यामागून महिने गेले, हाड काही पुढं सरकेना. डॉक्टर म्हणाले, कमरेचं थोडं त्यांचंच हाड घेऊ, त्यात तयार दाणे मिसळू आणि पोकळी भरू. नाहीतर हा पाय जमिनीला टेकायचा नाही.

आणि आप्पा सही करेनात.

दादाचा फोन आला तो रडकुंडीला आलेला. "संगे, म्हातारा आयकत न्हाई. डॉक्टर म्हंत्यात अजून थांबलो तर पाय वाळून जाईल. म्या म्हनलं झोपेत अंगठा उठवू, तर नर्सबाई माझ्यावरच खेकसली." आई मागून म्हणत होती, तिला येऊ दे, तिचंच काम हाय ते, ती समजावंल. दादानं त्या दाण्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवला. मी तो मोबाईलवर मोठा करून करून बघितला. पाकिटावर लिहिलं होतं, नैसर्गिक उगमाचं खनिज. कुठल्या उगमाचं, ते कुठंच नाही. पाणी कुठंतरी मुरत होतं. जे लोक पोवळं वापरतात ते पोवळं म्हणून मिरवतात. नुसतं 'नैसर्गिक' कोण लिहितं आणि का, हे मला चांगलं माहीत होतं. आमच्याही पत्रकात तसंच लिहिलं होतं. मजकूर मीच तपासला होता.

मी निघायच्या आधीच कंपनीला ईमेल टाकली होती. कापूरहोळला उतरून दादाबरोबर पुण्याच्या इस्पितळाकडं निघाले तेव्हा उत्तर आलं. गोवंशीय हाड, उच्च तापमानाला भाजून शुद्ध केलेलं.

डॉक्टर भला माणूस होता, हे सांगायला हवं. मी विचारलं तेव्हा लपवलं नाही. म्हणाले, "ताई, तुम्ही तर याच क्षेत्रातल्या. प्राण्याचं त्यात काहीसुद्धा उरत नाही, सगळं जळून जातं. काही होत नाही. सही करून घ्या तुम्ही, तुमचं ऐकतील ते." शास्त्र म्हणून त्यांचा शब्द न् शब्द खरा होता. हेच वाक्य मी स्वतः पाहुण्यांना लॅब दाखवताना म्हटलंय. पण 'काही होत नाही, सही करा' हे ऐकलं आणि मला आमचा ओटा दिसला, चहाची कपबशी दिसली. मी ज्या खुर्चीत बसले होते ती जीपवाल्या साहेबांची होती. 

जिन्यात दादा म्हणाला, "माती हाय म्हनून सांग की. भाजलेली माती. कोण बघतंय आत जाऊन?"

दादाला मी दोष देत नाही. वर्षभर म्हाताऱ्याला तोच उचलत होता. आणि खरं सांगते, मीही तेच ठरवून जिना चढत होते. माती म्हणू, वेत म्हणू, काहीही म्हणू, पाय तरी वाचेल. पाय मोठा की बैल मोठा?

दुपारची वेळ होती. आप्पा खाटेवर, पायात तो सांगाडा, उशाला डाळिंबं. वर्षभरात इतके वाळले होते की गळ्याची हाडं मोजावीत. मला बघून डोळे भरले, पण पहिला प्रश्न काय? "इमानात तुला कुणी फसावलं न्हाई न्हवं?" मग तेच. पाकिटाकडं बोट दाखवून म्हणाले, "हे कशाचं हाय, संगे? तुज्याच कामातलं हाय म्हंत्यात. वेतच ना?"

सात वर्षं तोच प्रश्न. आई माझ्याकडं बघत होती. दादा खिडकीबाहेर बघत होता.

मी म्हणाले, "न्हाई आप्पा. बैलाचं हाय. भाजलेलं."

 मला वाटलं एवढ्यावर थांबावं, पण एकदा बांध फुटला की फुटला. "आन् म्या बी तेच काम केलंय. दीड वरीस. तुमाला वेत सांगितलं ते खोटं. वेत मागनं मिळाला."

आप्पा छताकडं बघत राहिले. मला वाटलं आता तोंड फिरवतील, संपलं सगळं. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "उकळताना वास येत हुता?"

"लई."

"केसात बसायचा?"

"व्हय."

"म्हंजी खरं बोलतीस," आप्पा म्हणाले. "फोनवर तू वेताचं सांगायचीस, तवा कंदी वासाचं बोलली न्हाईस. वेत भाजला तरी वास येतोच की. म्या तवाच म्हनलं, पोरगी कायतरी दडवतीया."

मी तिथंच खाटेच्या कडेला बसून रडले. आई म्हणाली, "आता ती रडतीया, झालं का समाधान?" आप्पा म्हणाले, "रडू दे. सायब रडला न्हवता." आणि मग, पाकीट माझ्या हातात देत, "हे पवळ्याचं नको मला. त्याच्या मानंवर जन्मभर जू ठिवलं, आता त्याचंच हाड पायात घालून चालू? दुसरं कायी न्हाई का तुमच्यात?"

होतं. निव्वळ रसायनांतून बनवलेलं, जनावराचा संबंध नसलेलं. आमचा वेत अजून मेंढीच्या पायापर्यंतच पोचलाय, माणसाला लावायची परवानगी नाही, तेही मी सांगितलं. हे दुसरं मागवायला आठवडा लागणार होता. डॉक्टर जरा कुरकुरले, पण मागवतो म्हणाले.

"त्यात काय असतं?" आप्पांची उलटतपासणी सुरूच.

"चुन्यात असतं ते, आन् खतात असतं ते. दोन्ही मिळवून भट्टीत भाजायचं, हळूहळू."

"हळूहळू?"

"घाई केली तर तडकतं."

"आन् हाड?"

"हाड तुमचंच वाढायचं. हे नुसतं त्याला धरायला. मागनं आपसूक विरतं, बरंचसं."

आप्पा पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "म्हंजी राब."

मी चक्रावले. सात वर्षं मी हे काम करतेय, आणि हे मला सुचलं नव्हतं. "राब कुठं ऱ्हातो?" ते स्वतःशीच बोलत होते. "रोप उपटून खाचरात लावलं की राबाचं काम झालं. आसं सांगायचं हुतं की पयल्यांदा. वेत वेत करत बसलीस."

दादानं लगेच खिशातून पेन काढलं. पण आमचे आप्पा! म्हणाले, "थांब. आदी तिची सही."

"माझी कशावर?"

"लिही." आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडून दिलं. मी पाठकोऱ्या बाजूला लिहायला लागले आणि आप्पा सांगायला लागले, अगदी तलाठ्याच्या थाटात. मी, संगीता, राहणार सध्या जर्मनी, लिहून देते की दर साली राब भाजायला सारोळ्यास जातीनं हजर राहीन. मला आधी हसू आलं. मग पेन थांबलं. माझं कंत्राट, व्हिसा, रजा, बाईंच्या मीटिंगा, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. कागद तीनदा वाचल्याशिवाय सही करायची नाही, हे त्यांनीच शिकवलेलं. मी तीनदा वाचला. आणि म्हणाले, "आप्पा, 'शक्यतो' लिहू का? 'दर साली शक्यतो'?"

आप्पा म्हणाले, "त्या कागदात बी तेच हाय. दोन जागी."

मी 'शक्यतो' लिहिलं नाही. सही केली, तारीख घातली. साक्षीदार म्हणून आईचा अंगठा घेतला, कारण आप्पांना घरचा साक्षीदार चालत होता, सरकारी नको होता. मग त्यांनी डॉक्टरांचा फॉर्म मागितला. चष्मा लावून पाऊण तास वाचला, तीन शब्दांचे अर्थ विचारले आणि सही केली. पूर्ण नाव. दादा बाहेर जाऊन नाक शिंकरून आला.

ऑपरेशन होऊन बरेच महिने झाले. मी परत इथं, माझ्या भट्टीजवळ. दादा एक्स-रेचे फोटो पाठवतो. पहिल्या फोटोत पोकळीत दाणे सुटे सुटे दिसत होते. मग कडेनं धूसर सावली आली. आता ती सावली दोन्ही अंगांनी मधे मिळालीय. सांगाडा निघाला, आप्पा काठी टेकून बांधापर्यंत जातात. मी तो फोटो बाईंना दाखवला तर त्या म्हणाल्या, सुंदर. मी अजून सुंदर म्हणत नाही, मी दर वेळी मोठा करून बघते, कुठं भेग तर नाही ना. आप्पा तर माझ्या वरताण. "हाड धरलं म्हंत्यात," ते फोनवर म्हणतात. "आमी अजून म्हनत न्हाई."

इथले मराठी मित्र सणाला जमले की घराबद्दल हळवं बोलतात. कुणाला आईच्या हातचं पिठलं आठवतं, कुणाला अंगण. माझं तसं होत नाही. आमचं अंगण पाण्याखाली आहे आणि सारोळ्याचं घर मला कधी माझं वाटलं नाही. इथं माझ्यावर सगळे विश्वास ठेवतात. दुकानात, बँकेत, लॅबमधे, मी जे सांगते ते लिहून घेतात आणि पुढचा प्रश्न विचारत नाहीत. सुरुवातीला मला वाटायचं, काय सभ्य माणसं! आता कळतं, त्यांचं माझ्यावाचून काही अडत नाही. 'नुसता वेतच?' असं सात वर्षं विचारत राहणारा माणूस जिथं आहे, तेवढंच माझं घर आहे, मग ते गुंजवण्याहून उचलून सारोळ्याला ठेवलं काय किंवा पुण्याच्या इस्पितळातल्या खाटेवर ठेवलं काय.

गेल्या आठवड्यात बाईंनी कॅलेंडर पुढं केलं. मेंढ्यांच्या चाचणीचा मोठा टप्पा नेमका राबाच्या दिवसांत आलाय. तू इथं असशीलच ना, असं म्हणून त्या हसल्या. 'शक्यतो' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी गिळला आणि म्हणाले, नसेन. कारण विचारलं तर म्हणाले, एका कागदावर सही केलीय. त्या नाराज झाल्या. त्याचं पुढं काय होईल ते होईल.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. म्हणाले, दादानं कवळ आणून दिली, शेण घातलंय, पाला घातलाय, वर माती पसरलीय. राब रचून ठेवलाय पण पेटवलेला नाही.

"पेटवा की आप्पा. वळीव आला तर भिजंल सगळा."

"काडी तुज्या हातची हाय. लिहून दिलंयस."

मी म्हणाले, "येते आप्पा. तिकीट काढलंय. दादाच्या मोबाईलवर फोटो पाठवलाय, बघा."

 दादा त्यांना तिकिटाचा फोटो मोठा करून दाखवत असणार. मग आप्पांचा आवाज आला.

"तिकिट काय, कुनीबी काढतंय. पेटीत दोन कागद हायती, एक खोटा निघालाय. तू कापूरहोळला उतर, मग बगू."